आत्या कधी येडी, कधी शहाणी

पत्रिकेवर ‘मानसिक आजार : समाजशास्त्रीय दृष्टी’ असा विषय छापलाय. तिकडं येतोच. आधी माझ्या आत्याबद्दल बोलू द्या.

दुसऱ्या बाळंतपणानंतर आत्याची झोप गेली. रात्री दार उघडून बसायची, कुणीतरी हाक मारतंय म्हणायची. आज डॉक्टर याला नाव देतात, औषध देतात आणि बहुतेक बायका बऱ्या होतात. तेव्हा सासरी ठरलं, ‘बाहेरचं आहे’. अंगारे-धुपारे झाले, सैलानीच्या दर्ग्याला नेऊन आणलं. शेवटी एका सकाळी दीर तिला आमच्या दारात सोडून गेला. लेकरं तिकडंच राहिली.

आमच्याकडं ती हळूहळू सावरली. तिच्यासारखी भाकरी घरात कुणाला जमत नव्हती, बाजाराचा हिशेब तिचा कधी चुकला नाही. पण शब्द चिकटला होता. कमी जेवली की ‘येड उसळलं’, जास्त जेवली की ‘येडीला पोटाचं भान नाही’. लेकरांच्या आठवणीनं रडली तरी तेच. माझ्या बहिणीच्या सोयरिकीला पाहुणे येणार म्हटलं की तिला शेतातल्या आखाड्यावर पाठवायचे. सायकलवर तिचा डबा मी न्यायचो. एकदा म्हणाली, “पोरगा कसा का असंना, सासू कशी हाय ते बघा.” एवढं नेमकं त्या बैठकीत कुणीच बोललं नव्हतं.

१९७३ मध्ये डेव्हिड रोझेनहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग छापला. आठ धडधाकट माणसं ‘आवाज ऐकू येतात’ असं सांगून मनोरुग्णालयांत दाखल झाली आणि आत गेल्यावर नेहमीसारखी वागली. तरी सुटायला सरासरी १९ दिवस लागले. वहीत टिपणं काढणंही लक्षण म्हणून नोंदलं गेलं. या प्रयोगाच्या खरेपणावर पुढं गंभीर शंका घेतल्या गेल्या, त्या घ्यायलाच हव्यात. पण शिक्का बसला की साधं वागणंही लक्षण होतं, हे मी आखाड्यावर पाहिलेलं आहे.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

आजार खरा असतो. थॉमस साझ या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं मानसिक आजाराला मिथक म्हटलं, ते मला पटत नाही. आत्याची झोप खरोखर गेली होती. समाजशास्त्र विचारतं ते एवढंच, की नाव कोण ठेवतं आणि त्यानंतर त्या माणसाची घरातली जागा कुठं जाते.

दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १८९७ मध्ये आत्महत्येचा संबंध समाजाच्या बांधणीशी जोडला, पण विसंबला सरकारी आकड्यांवर. आकडा कसा तयार होतो ते आपण गावोगाव पाहतो. शेतकऱ्यानं जीव दिला की पंचनामा, कर्ज, सातबारा, मग मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’. मदत हवी तर घरच्यांनी कर्जाचंच बोलायचं. गेलेल्याला महिनोन्महिने झोप नव्हती, हे सांगून त्यांच्या हाती काय पडणार? उलट सगळं ‘डिप्रेशन’वर ढकललं की सावकार आणि बाजारभाव सुटले.

राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. निजामाच्या काळात जालन्याला होतं, तेही पुढं हैदराबादला गेलं. उदगीरच्या बाईनं जायचं कुठं?

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी घातली. आजार आहे एवढ्यावरून माणूस निर्णयाला नालायक ठरत नाही, हेही मानलं. इथं मला परत आत्याकडं जावं लागतं. आजोबा गेल्यावर जमिनीचं हक्कसोडपत्र करायचं होतं. त्या दिवशी तिला नवं लुगडं नेसवून तालुक्याला नेलं. साहेबानं विचारलं तेव्हा माझ्याच वडिलांनी सांगितलं, “एकदम शहाणी आहे.” तिनं अंगठा दिला. परतीच्या एसटीत ती माझ्याशेजारी बसली होती. मला हळूच म्हणाली, “आता मी शहाणी झाले ना? मग मला लेकरांकडं कधी सोडणार?”