नडगी, कामट्या आणि एक शेळी

नमस्कार श्रोतेहो. मोडलेले हाड कसे जुळते याचा अभ्यास शेळ्यामेंढ्यांसारख्या मोठ्या जनावरांवर का केला जातो, हा आजचा विषय आहे. पण त्याआधी उदगीर तालुक्यातल्या एका उस्मानाबादी शेळीची हकिकत सांगणे मला भाग आहे, कारण हा विषय मला तिनेच शिकवला.

पशुवैद्य म्हणून नोकरीला लागलो त्याच वर्षी एक वयस्क धनगरबाबा शेळी खांद्यावर टाकून दवाखान्यात आले. बांधावरचा दगड निसटून तिच्या मागच्या पायाची नडगी मोडली होती, कातडी मात्र शाबूत होती. मी हाड सरळ बसवले, प्लास्टर चढवले आणि तीन आठवडे तिला खुंट्यावरून हलू देऊ नका, असे बजावले. दहाव्या दिवशी वस्तीवर गेलो, तर प्लास्टर उकिरड्यावर पडलेले, पायाला कापसाचा लपेटा देऊन वर बांबूच्या चार कामट्या बांधलेल्या, आणि शेळी कळपामागे पाय टेकत, लंगडत चरत होती. मी संतापलो. बाबा शांतपणे म्हणाले, "साहेब, शेळी काय बाजंवर पडून ऱ्हाती व्हय? ती उभीच ऱ्हाणार." सहाव्या आठवड्यात मी तिला हट्टाने परभणीला नेऊन एक्स-रे काढला. मोडीभोवती दाट गाठ धरली होती आणि हाडाची दोन्ही टोके सांधली गेली होती. (कामट्या करकचून आवळल्यामुळे पाय काळा पडून कायमची गेलेली जनावरेही मी पाहिली आहेत.)

एका शेळीवरून शास्त्र ठरत नाही. परंतु १९८५ साली गुडशिप आणि केनराइट या इंग्लंडमधील संशोधकांनी मेंढ्यांच्या नडगीत तीन मिलिमीटरची फट ठेवून, काहींचे हाड पायाबाहेरून धातूची चौकट लावून घट्ट धरले आणि काहींच्या हाडाला तशाच चौकटीतून रोज सतरा मिनिटे, सुमारे एक मिलिमीटरची हालचाल दिली. थोडी हालचाल मिळालेले हाड अधिक चांगले जुळले. थोडी, हे लक्षात ठेवा. हालचाल फार झाली की जुळणे रखडते.

हे उंदरावर का पाहता येत नाही? उंदराचे वजन फार तर काहीशे ग्रॅम, हाड काडीएवढे. माणसाचे हाड जोडायला वापरतात ती धातूची पट्टी किंवा खिळा त्यात बसत नाही, आणि आपल्या हाडात रक्तवाहिन्यांभोवती गोल थरांची जी रचना असते, ती त्याच्यात सहसा नसते. मोठ्या मेंढीचे वजन माणसाच्या जवळपास भरते, आणि शस्त्रक्रियेनंतर ती लगेच पायावर भार देते. मात्र मेंढी चार पायांवर चालते आणि कोवळ्या मेंढीच्या हाडाची ठेवण प्रौढ माणसापेक्षा वेगळी असते, म्हणून निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. असे प्रयोग आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली, परवानगी घेऊनच करावे लागतात; वेदनाशामक न देता केलेला प्रयोग मी तरी शास्त्र मानत नाही.

पुढे १९९१ साली माणसांच्या मोडलेल्या नडगीवरही हाच उपाय तपासला गेला आणि हाड लवकर जुळल्याचे दिसले. ते वाचले तेव्हा बाबा हयात नव्हते. असते, तर सतराच मिनिटे का, असे त्यांनी मला नक्की विचारले असते.