तुकड्यातुकड्यांचं औंध

(दृश्य : यमाईच्या डोंगरावरून दिसणारा खटावचा माळ)

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला निघालं, कृष्णेचं खोरं मागं टाकलं, की पाऊस आटत जातो. खटाव, माण, आटपाडी या पट्ट्यात बऱ्या वर्षीसुद्धा तो पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास अडतो. ज्वारी-बाजरी, शेरडं-मेंढरं आणि खिलार बैल यांच्यावर इथला संसार. येरळा आणि माण या इथल्या नद्या, पण वर्षातले कितीतरी महिने पात्रात नुसती वाळू.

या माळावर १९४८ पर्यंत औंध नावाचं संस्थान होतं. बहात्तर गावं, सुमारे ५०० चौरस मैल मुलूख. मोठं शहर नाही, बंदर नाही. आणि हा मुलूख सलगही नव्हता. औंध खटावात, आटपाडी माणदेशात, कुंडल आजच्या पलूस तालुक्यात आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. राजधानीतून आपल्याच दुसऱ्या तालुक्यात जायचं तर मधला इंग्रजी मुलूख ओलांडावा लागे.

(दृश्य : औंधचा राजवाडा)

या तुकड्यांचं मूळ मराठेशाहीत आहे. संभाजी महाराजांच्या वधानंतरच्या पडत्या काळात किन्हईच्या परशुराम त्रिंबकांनी मोगलांकडे गेलेले किल्ले परत मिळवण्यासाठी झुंज दिली. छत्रपतींचे प्रतिनिधी हे पद त्यांच्या घराण्यात आलं. पुढं उत्तर पेशवाईत प्रतिनिधींची जहागीर बरीचशी हातची गेली. १८१८ नंतर इंग्रजांच्या अमलाखाली जे उरलं, ते असं विखुरलेलं.

१९०९ मध्ये भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. ते चित्रकार होते, कीर्तन करत आणि सूर्यनमस्काराचा प्रसार तर त्यांनी आयुष्यभर केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा एक लाख रुपयांचं पाठबळ या छोट्या संस्थानानं दिलं. औंधच्या डोंगरावरच्या संग्रहालयात आजही राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं एक शिल्प आहे. दुष्काळी मुलखात हे सगळं कशाला, असं कुणी विचारलं तर त्याला बाळासाहेबांचं दुसरं काम दाखवावं.

(दृश्य : किर्लोस्करवाडी रेल्वे स्टेशन)

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडावी लागली. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. निवडुंगानं भरलेला, सापांचा माळ. १९१० मध्ये तिथं कामगारांसह बिऱ्हाडं आली आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. उसाचे चरक, पाण्याचे पंप पुढं आले. ज्या संस्थानात शेतीला पाणी नव्हतं, तिथून साऱ्या देशाला शेतीची अवजारं जाऊ लागली.

पण औंधची खरी गोष्ट १९३८ ची. त्या वर्षाच्या अखेरीस बाळासाहेबांनी जाहीर केलं की राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायचा. वरून इंग्रजांचा तसा हुकूम नव्हता. या निर्णयामागं दोन माणसं होती : विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर. दोघं गांधीजींना भेटले. गांधीजींनी मसुद्यात स्वतः लक्ष घातलं आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य घटना अमलात आली.

तिची बांधणी खालून वर होती. गावानं पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींच्या प्रमुखांनी तालुक्याचा कारभार पाहायचा आणि तिथून प्रतिनिधी विधिमंडळात जायचे. महसुलातला मोठा वाटा गावातच राहणार होता, शाळा, रस्ता, विहीर यांसाठी. किरकोळ तंटे पंचायतीनंच मिटवायचे. आम्हाला वाटतं, विखुरलेल्या भूगोलाचाही यात हात असावा. चार दिशांना पडलेली गावं राजवाड्यातून चालवणं तसंही अवघडच होतं. तिथं गावानं गावापुरतं ठरवावं, हेच शहाणपणाचं होतं.

(दृश्य : कुंडल)

चार वर्षांत सातारा जिल्हा पेटला. इंग्रजांना न जुमानता गावोगाव स्वतःचा कारभार चालवणारं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि औंध संस्थानातलं कुंडल त्याचं मोठं केंद्र बनलं. प्रतिसरकारातले एक प्रमुख नेते जी. डी. बापू लाड इथलेच. ज्या मातीत पंचायत रुजत होती, तिथंच भूमिगतांची न्यायदान मंडळंही गावकऱ्यांच्या ओळखीची झाली, हे विसरता कामा नये.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढं साताऱ्याचे दोन जिल्हे झाले. दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. औंध साताऱ्यात राहिलं, आटपाडी आणि कुंडल सांगलीत आले, गुणदाळ कर्नाटकात गेलं. पाण्यावाचून आटपाडी-खानापूरची माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर पांगली; आज टेंभू योजनेनं कऱ्हाडजवळ उचललेलं कृष्णेचं पाणी आटपाडीपर्यंत येतं, डाळिंबाच्या बागा दिसतात.

(दृश्य : स्वतंत्रपूर, आटपाडी)

आणि हे स्वतंत्रपूर. फ्रीडमन यांच्या कल्पनेतून १९३९ मध्ये संस्थानानं वसवलेली कैद्यांची वसाहत. भिंत नाही, कोठडी नाही. शिक्षा झालेली माणसं बायकापोरांसह इथं राहायची, शेती कसायची. संस्थान गेलं, पण वसाहत मोडली नाही. राज्याच्या कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून ती आजही चालते, आणि कैद्यांची कुटुंबं आजही इथं शेत पिकवतात.