नाकाचा हिशोब आणि मारिओंची रोजनिशी

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारी उजाडला की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कुठून ना कुठून एक डायरी येते. कधी ती विमा-प्रतिनिधीकडून येते, कधी पतपेढीकडून, तर कधी औषधांच्या दुकानातून. तिची पहिली आठ-दहा पाने सुवाच्य अक्षरांत भरली जातात, आणि संक्रांतीचे तिळगूळ संपेपर्यंत त्याच पानांवर किराण्याची यादी आणि गॅस सिलिंडरच्या नोंदीचा क्रमांक दिसू लागतो. याचा दोष मी आपल्या आळसाला देत नाही, त्या पानांवर आखलेल्या रेघांना देतो. रेघ आखलेले पान माणसाला शाळेत नेऊन बसवते, आणि शाळेतून पळून जावेसे कोणाला वाटत नाही?

आज मी ज्या कलावंताविषयी बोलणार आहे, त्याला लहानपणी बिनरेघांची वही मिळाली होती. त्याचे नाव व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा. त्यांचा जन्म 2 मे 1926 रोजी दमणला झाला, परंतु घराणे गोव्यातील सासष्टी तालुक्यातल्या लोटली गावचे. लहान वयात त्यांनी घराच्या भिंतींवर चित्रे काढून ठेवली, तेव्हा त्यांच्या आईने त्यांच्या हाती एक कोरी वही दिली आणि त्या वहीला मारिओ आपली रोजनिशी म्हणू लागले. आपल्या घरांत भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्या मुलाला सहसा काय मिळते, हे मी सांगण्याची गरज नाही. पुढे बंगळुरूच्या मिशनरी शाळेत असताना त्यांनी पाद्री मंडळींची चित्रे काढली आणि त्याबद्दल त्यांना बोलणी खावी लागली. आईची वही आणि पाद्र्यांची नाराजी, या दोन गोष्टी श्रोत्यांनी लक्षात ठेवाव्यात, कारण मी थोड्या वेळाने त्यांच्याकडे परत येणार आहे.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून इतिहासाची पदवी घेतल्यानंतर मारिओ काही काळ वास्तुशास्त्र शिकले. त्यात मन रमले नाही आणि ते शिक्षण त्यांनी सोडून दिले. पुढचा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे: वृत्तपत्रांतील व्यंगचित्रे, त्यांतली मिस निंबूपाणी, मिस फोन्सेका आणि बंडलदास पुढारी ही पात्रे, लिस्बनची शिष्यवृत्ती आणि नंतर लंडन, 1988 साली पद्मश्री, 2002 साली पद्मभूषण आणि निधनानंतर 2012 साली पद्मविभूषण. हे सारे मी एका दमात सांगितले, कारण मला त्या मारिओंविषयी बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते 1949, 1950 आणि 1951 या तीन वर्षांतल्या मारिओंविषयी. तेव्हा ते तेवीस ते पंचवीस वर्षांचे होते, गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते, आणि हा तरुण रोजचा दिवस चित्रांत मांडत होता. त्या तीन वर्षांच्या रोजनिश्या पुढे जाडजूड ग्रंथांच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांत लोटलीचे शेजारीपाजारी आहेत, चर्चचे सण आहेत, मेजवान्या आहेत, नातलग आणि मित्र आहेत, आणि चित्राशेजारी त्यांच्या हाताने लिहिलेला मजकूर आहे.

या रोजनिश्या चाळताना मला एक गोष्ट जाणवली. लिहिणाऱ्याला टाळता येते, काढणाऱ्याला टाळता येत नाही. ‘सायंकाळी लग्नाला गेलो, बरीच मंडळी होती’ असे लिहिले की लिहिणारा मोकळा झाला. चित्र काढणाऱ्याला मात्र ती ‘बरीच मंडळी’ एकेक करून उभी करावी लागते. कोण कोणाशेजारी बसले होते, कोणाचा कोट ढगळ होता, कोण जेवणाच्या टेबलाकडे पाहत होते आणि कोण नवरीच्या बहिणीकडे, हे सगळे ठरवल्यावाचून त्याची रेघ पुढे सरकत नाही. पुन्हा सांगतो, लिहिणाऱ्याला टाळता येते, काढणाऱ्याला टाळता येत नाही.

हे मी मारिओंकडून शिकलो, असे म्हणणे मला शोभून दिसले असते. खरे सांगायचे तर हे मी माझ्या आजीकडून शिकलो, आणि ती हकिकत सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

माझे आजोळ सावंतवाडी तालुक्यात, बांद्याच्या अलीकडे. आजी मराठी दुसरीपर्यंत शिकली होती. तिला वाचता येत असे, परंतु लिहायचा तिला भारी कंटाळा. स्वयंपाकघर आणि पडवी यांच्या मधल्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेले असे, आणि त्याला सुतळीने बांधलेली एक बोटभर पेन्सिल लोंबत असे. इतर घरांत कॅलेंडरावर दुधाचे खाडे मांडतात. आजी त्यावर सगळेच मांडत असे, आणि अक्षराऐवजी चित्राने. नारळ पाडायला माणूस आला की त्या तारखेच्या चौकटीत झावळ्यांचा एक झुपका येई आणि खाली नारळांची संख्या. गाय व्याली की दोन शिंगे आणि चार लहान पाय. पाहुणे आले तर त्यांची ओळख पटेल तेवढाच ऐवज ती काढत असे: धाकट्या मामांसाठी छत्री, वेंगुर्ल्याच्या मावशीसाठी रुपयाएवढे कुंकू, आणि मुंबईहून येणाऱ्या माझ्या वडिलांसाठी चष्मा. जावयाचा चष्मा ती नेहमी जरा मोठा काढी, तो मान म्हणून की थट्टा म्हणून, हे वडिलांना शेवटपर्यंत कळले नाही.

खालच्या घरात तात्या म्हणून एक गृहस्थ राहत असत. माणूस सालस, विद्वान, पंचक्रोशीत मान असलेला, परंतु त्यांच्या घरातली साखर नेमकी चहाच्या वेळी संपत असे. मग ते हातात वाटी घेऊन पायऱ्या चढून वर येत. आजी कधी नाही म्हणाली नाही. तात्यांचे नाक मात्र त्यांच्या विद्वत्तेपेक्षाही ठळक होते, आणि त्यामुळे ज्या दिवशी साखर गेली त्या दिवशीच्या चौकटीत आजी एक नाक काढत असे आणि नाकाखाली एक वाटी. वाटी परत आली की नाकावर आडवी रेघ. नाकाशेजारी पुष्कळदा आमचा मोती नावाचा कुत्रा असे, आणि त्याची शेपटी कधी वर तर कधी खाली असे. शेपटी वर असेल तर तात्या गूळपोळीचा तुकडा घेऊन आले होते, शेपटी खाली असेल तर रिकाम्या हाताने. म्हणजे व्यवहाराचा मुख्य जमाखर्च नाकात आणि त्यावरचा शेरा कुत्र्याच्या शेपटीत.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी पडवीत बसलो होतो. तात्या आले ते साखरेसाठी आले नव्हते, त्यांना संकष्टी कधी आहे ते पाहायचे होते. ते थेट कॅलेंडरासमोर जाऊन उभे राहिले, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि बोट फिरवत फिरवत एका चौकटीवर थांबले. मग दुसऱ्या चौकटीवर थांबले. मग तिसऱ्या. घरात एवढी शांतता पसरली की चुलीवरच्या पेजेचा रटरट आवाज मला ऐकू येत होता. तात्यांनी न वळताच विचारले, “वैनी, ह्या नाक कोणाचा?”

आजी दारात आली, तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, “खंयचा नाक? ता जायफळ आसा.”

तात्यांनी पुन्हा चित्राकडे पाहिले. जायफळाला दोन भोके नसतात, हे त्या विद्वान माणसाला ठाऊक होतेच. ते काही बोलले नाहीत, संकष्टीची तारीख न पाहताच पायऱ्या उतरून गेले, आणि आजोबांनी आजीला जे काही सुनावले ते मी येथे आकाशवाणीवर सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या पुन्हा वर आले. त्यांच्या हातात वाटी नव्हती, पितळेचा डबा होता, आणि डबा काठोकाठ साखरेने भरलेला होता. तो त्यांनी उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाले, “वैनी, ह्यो माझ्या नाकाचो हिशोब.” मग मात्र ते स्वतःच हसले, एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आजीने त्यांच्यासमोर पेन्सिल हातात घेऊन एकामागून एक सगळ्या नाकांवर रेघा मारल्या, आणि त्याच डब्यातली साखर घालून चहा केला.

आता श्रोत्यांनी लक्षात ठेवलेल्या त्या दोन गोष्टींकडे येऊ. शाळकरी मारिओंनी काढलेले पाद्री आणि माझ्या आजीने काढलेले तात्या, यांत चिडण्यासारखे असे काय होते? ‘तात्यांनी साखर नेली’ हे वाक्य तात्यांनी वाचले असते तर त्यांनी मान डोलावली असती, कारण ते खरेच होते. नाक पाहून ते थबकले, कारण वाक्यात त्यांची कृती नोंदली गेली असती आणि चित्रात ते स्वतः सापडले होते. आणि तात्यांसारखा जातिवंत माणूस शेवटी हसला, तेही त्याच कारणाने. मारिओंच्या चित्रांना गोव्याने जे प्रेम दिले त्याचे मूळ मला इथे दिसते. त्यांच्या गर्दीतला प्रत्येक माणूस थोडा विद्रूप आहे, पण एकही तुच्छ नाही.

दुसरी गोष्ट आईच्या कोऱ्या वहीची. त्या वहीमुळे मारिओंना चित्रातला कोपरा मोकळा मिळाला. त्यांचे कोणतेही चित्र पाहा, मधोमध समारंभ चाललेला असतो आणि कोपऱ्यात एक कुत्रा असतो, किंवा कौलावर बसलेला कावळा असतो, किंवा सज्जातून डोकावणारी एखादी बाई असते. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवर त्यांची मोठी चित्रे आहेत. तिथे बसण्याचा योग आला तर आधी मधला भाग पाहू नका, कोपरे पाहा. तिथून आत येत गेलात तर चित्रातली गोष्ट हळूहळू उलगडते, आणि मधल्या भागापासून सुरुवात केलीत तर एका नजरेत संपून जाते. आता भिंतीवर तेच चित्र असताना पुष्कळ मंडळी त्याच्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढतात, पण तो विषय मी आज काढत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवतो. आपल्याकडे चित्र म्हणजे मजकुराची सोबत, असा समज घट्ट बसला आहे. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर ठसठशीत छापले जाते आणि चित्रकाराचे नाव आतल्या पानावर, किंमतीच्या आसपास. वसंत सरवटे किंवा शि. द. फडणीस यांच्यासारख्या व्यंगचित्रकारांच्या रेषेवर पोसलेल्या मराठी वाचकाने तरी हे सोसायला नको होते. मारिओंच्या रोजनिशीत लेखक आणि चित्रकार एकच असल्यामुळे हा प्रश्न मिटतो. तिथे मजकूर चित्राला पुरवणी म्हणून येतो. आधी चित्र, मागाहून अक्षर, हा क्रम आहे.

लोटलीचे त्यांचे जुने घर आपल्यापैकी काहींनी पडद्यावर पाहिले असेल, कारण श्याम बेनेगल यांच्या 1985 सालच्या ‘त्रिकाल’ या चित्रपटाचे चित्रीकरण तिथे झाले. जगभर फिरून आल्यावर मारिओ त्याच घरी परतले आणि 11 डिसेंबर 2011 रोजी लोटलीतच त्यांचे निधन झाले. ज्या गावाची रोजनिशी त्यांनी विशी-पंचविशीत काढली, त्या गावातले कितीतरी सण, पेहराव आणि बसण्या-उठण्याच्या तऱ्हा आज त्या पानांवरच उरल्या आहेत, आणि त्या जपून ठेवण्याचा संकल्प त्या तरुणाने केला होता असे पाने पाहताना मुळीच वाटत नाही. त्याला त्या दिवशीची गंमत कागदावर उतरवायची होती, एवढेच.

आजीची कॅलेंडरे दरवर्षी रद्दीत गेली. एक पान तेवढे वाचले, कारण ते ट्रंकेच्या तळाला अंथरलेले होते. त्यावर चार नाके आहेत. तीन नाकांवर रेघ आहे, चौथ्यावर नाही, आणि त्याच्या शेजारी मोतीची शेपटी खाली आहे.

नमस्कार.