सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या चोवीस तासांत

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात रेडिओवरच्या बातम्या ऐकताना एक वाक्य तुमच्या कानांवरून शेकडो वेळा गेलं असेल. ‘आज सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या चोवीस तासांत’ रत्नागिरीला इतके मिलिमीटर, महाबळेश्वरला इतके. लहानपणी मला प्रश्न पडायचा, साडेआठच का? घड्याळातली तारीख मध्यरात्री बदलते, पंचांगातला वार सूर्योदयाला. मग पावसाचा दिवस साडेआठला कसा काय संपतो?

उत्तर पुष्कळ वर्षांनी मिळालं. आपल्याकडे साडेआठ वाजतात तेव्हा ग्रिनिचला पहाटेचे तीन झालेले असतात. हवामानाच्या नोंदी जगभर ग्रिनिचच्या घड्याळानं, दर तीन तासांनी, एकाच क्षणी घ्यायच्या असं ठरलेलं आहे. रत्नागिरीच्या वेधशाळेत कुणी पर्जन्यमापकातलं पाणी मोजत असतो, त्याच सुमारास मस्कतला, कोलंबोला, नैरोबीला दुसरं कुणी हवेचा दाब टिपत असतं. एकमेकांना न पाहिलेली ही माणसं एकच काम करत असतात, आणि मला हे फार मोठं वाटतं.

एकाच क्षणाचा एवढा आग्रह का? कारण वादळ चालत असतं. एका गावचा सकाळचा आकडा आणि दुसऱ्या गावचा दुपारचा आकडा एकाच नकाशावर मांडला, तर जे वादळ नाही ते दिसेल, आणि जे आहे ते हरवेल.

माणसाला ही गोष्ट समजायला एक मोठा फटका बसावा लागला. १४ नोव्हेंबर १८५४. क्रिमियाचं युद्ध चालू होतं आणि काळ्या समुद्रात बालाक्लाव्हाजवळ ब्रिटिश आणि फ्रेंच जहाजं उभी होती. अचानक वादळ आलं. सैन्याचे हिवाळी कपडे घेऊन आलेलं ‘प्रिन्स’ हे ब्रिटिश जहाज बुडालं, एक फ्रेंच युद्धनौकाही गेली. फ्रान्सनं हे प्रकरण अर्बें लव्हेरिए यांच्याकडे सोपवलं. नेपच्यून कुठे सापडेल हे ज्यांनी नुसत्या गणितानं सांगितलं होतं, तेच हे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी युरोपभरच्या निरीक्षकांना पत्रं पाठवून त्या दिवसांच्या नोंदी मागवल्या. त्या जुळवल्यावर दिसलं, की हे वादळ पश्चिमेकडून युरोप ओलांडत आलं होतं. तारायंत्र तोवर आलेलं होतं. ‘येतंय’ एवढं कळवणारं कुणी असतं, तर जहाजं सावध झाली असती.

१८७३ साली व्हिएन्नात हवामानतज्ज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. चर्चेचे विषय ऐकायला रुक्ष आहेत: इंच की मिलिमीटर, नोंदी कुठल्या वेळी घ्यायच्या, तारेनं आकडे कोणत्या पद्धतीनं पाठवायचे. पण सगळ्याचा पाया तिथे घातला गेला.

या इतिहासातलं मला सर्वांत जवळचं वाटणारं नाव कार्ल व्हायप्रेख्त यांचं आहे. ऑस्ट्रियाच्या आरमारातला हा अधिकारी ध्रुवप्रदेशातल्या बर्फात स्वतः अडकून आला होता. परतल्यावर तो म्हणू लागला, की ध्रुवाकडे झेंडे घेऊन धावण्यात शास्त्राचा फायदा नाही; अनेक देशांनी ठाणी उभारून वर्षभर एकाच वेळी नोंदी घ्यायला हव्यात. त्याचं म्हणणं मान्य झालं, पण ते पाहायला तो राहिला नाही. १८८१ मध्ये त्याचं निधन झालं. पुढच्याच वर्षी पहिलं आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष सुरू झालं. बारा देश त्यात उतरले.

अमेरिकेची एक तुकडी कॅनडाच्या उत्तर टोकाशी, लेडी फ्रँकलिन उपसागराजवळ होती. ग्रीली हे तिचे प्रमुख. माणसं पंचवीस. दोन उन्हाळे वाट पाहिली, पण बर्फामुळे रसद घेऊन येणारी जहाजं पोहोचू शकली नाहीत. शेवटी ते होड्यांतून दक्षिणेकडे निघाले आणि निघताना नोंदींचे कागद बरोबर घेतले. पुढचा हिवाळा उपासमारीचा गेला. १८८४ च्या जूनमध्ये मदत आली, तेव्हा सात जण जिवंत होते. घरी पोहोचले सहाच. ते कागद मात्र शाबूत परत आले. तापमानाचे, दाबाचे ते आकडे वाचताना त्यांची किंमत विसरता येत नाही.

एकमेकांना नोंदी देण्याचा हा करार तुटला की काय होतं, ते दुसऱ्या महायुद्धात दिसलं. हवामान ही गुप्त गोष्ट झाली. उत्तर अटलांटिकवरचं हवामान पश्चिमेकडून युरोपात येतं, आणि तिकडच्या नोंदी जर्मनीला मिळेनात. म्हणून १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये एक जर्मन पाणबुडी थेट उत्तर अमेरिकेतल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्याला लागली आणि तिथे एक स्वयंचलित हवामान केंद्र लपवून परतली. त्यावर कॅनडाचं वाटावं असं लेबल होतं. खरा प्रकार जगाला १९८१ साली कळला. एरवी जे शेजाऱ्याला विचारून मिळतं, त्यासाठी समुद्र ओलांडून चोरी करावी लागली!

युद्धानंतर सरकारांनी मिळून जागतिक हवामान संघटना स्थापन केली. तिचा करार २३ मार्च १९५० रोजी अमलात आला, म्हणून तो दिवस जागतिक हवामान दिन. पुढे शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९६२ साली, अमेरिकेचे हॅरी वेक्सलर आणि सोव्हिएत संघाचे व्हिक्टर बुगायेव्ह यांनी जगभरच्या हवामान जाळ्याचा आराखडा आखला. त्याच वर्षी क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून दोन्ही देश अणुयुद्धाच्या काठावर आले होते. तरीही १९६३ मध्ये ती योजना मंजूर झाली. मॉस्को, वॉशिंग्टन आणि मेलबर्न ही तिची सुरुवातीची तीन जागतिक केंद्रं होती.

आणि आता आपल्या अंगणातली गोष्ट. सप्टेंबर २०२१. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ झालं. उत्तर हिंदी महासागराभोवतालच्या तेरा देशांनी मिळून वादळांच्या नावांची यादी केलेली आहे. या वेळी पाळी पाकिस्ताननं सुचवलेल्या नावाची होती: ‘गुलाब’. ते आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं, जमिनीवर येऊन क्षीण झालं, पण पाऊस घेऊन मराठवाड्यावर पोहोचलं. मांजरेला पूर आला, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. ज्यांच्या शेतात ते पाणी होतं, त्यांना हे नाव आजही आठवत असेल. तेच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरले, पुन्हा वादळ झाले, आणि त्यांना कतारनं दिलेलं नाव मिळालं, ‘शाहीन’. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर धडकलं. या सगळ्या प्रवासात वादळाची पत्रकं दिल्लीच्या केंद्रातून निघत होती, आणि ती पाकिस्तानलाही जात होती, ओमानलाही.

नमस्कार.