आधी भिंग आलं, मग रंग

(दृश्य : तालुक्याच्या रुग्णालयातली थुंकी तपासणीची खोली. खिडकीतून सकाळचं ऊन. टेबलावर एक काचपट्टी.)

सकाळचा पहिला बेडका. स्लाइडवर त्याचा पातळ थर पसरला, वाळवला, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून काचेला पक्का बसवला. आता ही स्लाइड तशीच, काहीही न लावता, मायक्रोस्कोपखाली ठेवून बघू.

(दृश्य : मायक्रोस्कोपमधून. करडं, धूसर, रिकामं वाटणारं वर्तुळ.)

काही दिसलं? नाही ना. क्षयाचे जंतू यात असतीलही. दोन ते चार मायक्रोमीटर लांबीची काडी. टोकाला टोक लावून मांडल्या तर एका केसाच्या जाडीत वीसएक मावतील. पण त्याचं लहान असणं ही अर्धीच अडचण. उरलेली अर्धी म्हणजे तो जवळजवळ पाण्यासारखाच पारदर्शक असतो. भिंग त्याला मोठं करतं, पण पारदर्शक वस्तू कितीही मोठी केली तरी पारदर्शकच राहते.

सूक्ष्मजीवशास्त्राची गोष्ट सांगताना सगळं श्रेय भिंगाच्या पदरात टाकायची पद्धत आहे. आम्हाला विचाराल तर त्यातलं निम्मं रंगाऱ्याचं आहे.

(दृश्य : डेल्फ्ट. कालवे, विटांची घरं.)

नेदरलँड्समधलं डेल्फ्ट. १६३२ साली इथे अँटनी फान लेव्हेनहूकचा जन्म झाला. धंदा कापडाचा. विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही, लॅटिन येत नाही. कापडाची वीण आणि सुताचा दर्जा पारखायला कापडवाले भिंग वापरत. या माणसाला त्या भिंगाचाच नाद लागला.

त्याचा मायक्रोस्कोप म्हणजे धातूच्या दोन छोट्या पट्ट्या, मधे मण्याएवढं भिंग आणि समोर एक टोकदार सुई. जे बघायचं ते सुईवर लावायचं आणि सगळं डोळ्याशी धरून उजेडाकडे तोंड करायचं. अशी पाचशेच्या वर भिंगं त्याने केली. जी थोडकी उरली आहेत त्यातलं सर्वांत ताकदीचं सुमारे २७० पट मोठं दाखवतं. भिंग नेमकं कसं वापरतो हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. धंदेवाईक माणूस!

मिरी तिखट का लागते, हा त्याला पडलेला प्रश्न. कणांना बारीक काटे असतील, ते जिभेला टोचत असतील असा त्याचा अंदाज. म्हणून त्याने मिरी पाण्यात भिजत घातली. काटे सापडले नाहीत, पण काही आठवड्यांनी त्या पाण्यात अतिसूक्ष्म जीव वळवळताना दिसले. ऑक्टोबर १६७६ मध्ये त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला आपल्या डच भाषेत कळवलं. तिथल्या विद्वानांचा विश्वास बसेना. शेवटी पुढच्या वर्षी रॉबर्ट हूकने स्वतः मिरीचं पाणी करून सभेत ते जीव दाखवले, तेव्हा कुठे शंका फिटली.

(दृश्य : १६८३ च्या पत्रातली चित्रं. गोल, काडीसारखे, वाकडे जंतू.)

१६८३ मध्ये त्याने स्वतःच्या दातांवरचं किटण बघितलं. रोज सकाळी मिठाने दात घासणारा माणूस होता तो, आपल्या आजोबांसारखाच. तरीही आपल्या देशात जितकी माणसं आहेत त्याहून जास्त प्राणी माझ्या एका तोंडात आहेत, असं त्याने लिहिलं. सोबत चित्रंही काढून पाठवली.

आणि आता एक हुरहुर लावणारी गोष्ट. १७१४ च्या सुमारास त्याने गाईच्या स्नायूचे तंतू नीट दिसावेत म्हणून ते रंगवले. कशाने? ब्रँडीत भिजवलेल्या केशराने. म्हणजे रंगाची युक्ती या कापडवाल्याच्या हाताशी आली होती. जंतूंवर मात्र ती चालवली गेली नाही. त्याला आणखी दीडशे वर्षं जावी लागली.

मधल्या काळात भिंगं सुधारली. भिंगाच्या गोलाईमुळे चित्रात येणारी धूसरता १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टरने भिंगांची मांडणी बदलून बरीच आटोक्यात आणली. शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायला शिकवणाऱ्या जोसेफ लिस्टरचा हा बाप.

(दृश्य : काचेच्या बाटलीत जांभळा द्राव. रेशमाचा तुकडा त्यात बुडतो.)

१८५६, लंडन. विल्यम पर्किन, वय १८. ईस्टरच्या सुट्टीत घरच्या खोलीत तो क्विनाइन बनवायला बसला होता. हिवतापावरचं हे औषध झाडाच्या सालीतून मिळे आणि महाग पडे, तेव्हा दगडी कोळशाच्या डांबरातून ते करता येईल का, हे त्याला बघायचं होतं. झाला काळा गाळ. भांडं अल्कोहोलने धुताना तो गाळ जांभळा उतरला आणि रेशमावर चढला. जगातला पहिला कृत्रिम रंग म्हणून बाजारात गाजलेला मॉव्ह तो हाच. त्याच्या मुळाशी असलेल्या रसायनाचं नाव ॲनिलिन. हे नाव आलंय आपल्या 'नीळ' या शब्दावरून, कारण नीळ तापवून त्यातूनही हे रसायन काढलं गेलं होतं. संस्कृतातला नील अरबी आणि पोर्तुगीज तोंडांतून फिरत जर्मनीतल्या रसायनशाळेत पोचला.

पुढच्या वीस वर्षांत जर्मन कारखान्यांनी ॲनिलिनच्या रंगांचा सपाटा लावला. मिथिल व्हायोलेट, फुक्सिन, मिथिलीन ब्लू. सगळे कापडासाठी. कार्ल वायगर्ट नावाच्या विकृतिशास्त्रज्ञाने हे रंग मृत रुग्णांच्या ऊतींवर टाकून पाहिले आणि आत दडलेले जंतू रंग पिऊन उठून दिसले.

(दृश्य : रॉबर्ट कॉखचं छायाचित्र.)

रॉबर्ट कॉख तेव्हा व्होलश्टाइन या छोट्या गावी सरकारी डॉक्टर होता. त्याने द्रवाचा थेंब काचेवर पातळ पसरून वाळवला आणि मग रंगवला. ही स्लाइड पुन्हा पुन्हा बघता येई, तिचा फोटोही काढता येई. मग येनाच्या त्साइस कारखान्यातल्या अर्न्स्ट आबेने त्याला दोन गोष्टी पुरवल्या. पहिली, काच आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब. तेल प्रकाशाला काचेइतकंच वळवतं, त्यामुळे वाटेत किरण भरकटत नाहीत. दुसरी, खालून प्रकाशाचा मोठा शंकू सोडणारा कंडेन्सर.

इथे कॉखची खरी हुशारी दिसते. कमी उजेडात पारदर्शक वस्तूंच्या कडांची सावली पडते, म्हणून सगळे उजेड कमी करून बघत. कॉखने उलट केलं. उजेड पूर्ण सोडला. त्या झोतात रंगहीन असलेलं सगळं, तंतू, कडा, कचरा, पुसून गेलं. मागे उरलं ते फक्त रंग प्यालेलं.

२४ मार्च १८८२. बर्लिनमध्ये त्याने क्षयाचा जंतू दाखवला. हा जंतू रंगाला दाद देत नव्हता, चोवीस तास मिथिलीन ब्लूमध्ये ठेवावा लागे. त्यातही जुनं द्रावण लागू पडे, ताजं पडत नसे. जुन्याने हवेतला अमोनिया शोषला असावा असं ताडून कॉखने ताज्यात अल्कली घातली आणि काम झालं.

त्या सभेला पाउल एर्लिश बसला होता, वायगर्टचा नात्याने भाऊ. त्याने लगेच ही पद्धत सुधारली. सांगतात की त्याने स्लाइड वाळायला विझलेल्या शेगडीवर ठेवल्या, कुणीतरी ती पेटवली आणि उष्णतेने जंतूंवर रंग लख्ख चढला. किस्सा खरा असो वा रंगवलेला, उष्णतेचं महत्त्व खरं. या जंतूचं आवरण मेणकट असतं. उष्णतेने रंग आत शिरतो आणि मग आम्लाने धुतलं तरी निघत नाही. त्सील आणि नील्सन यांनी कार्बोलिक ॲसिडची जोड दिली, तीच पद्धत आजही चालते. पुढे काही वर्षांनी एर्लिशने स्वतःचा बेडका तपासला. त्यात जंतू होते. हवापालटासाठी तो इजिप्तला गेला आणि बरा होऊन परतला.

(दृश्य : जांभळी आणि गुलाबी स्लाइड शेजारी शेजारी.)

१८८४. बर्लिनच्या शवागारात न्यूमोनियाने मेलेल्यांची फुप्फुसं तपासणारा डेन्मार्कचा तरुण डॉक्टर, हान्स क्रिस्टियन ग्राम. त्याला एवढंच हवं होतं की जंतू रंगावेत आणि आजूबाजूच्या पेशी रंगू नयेत. जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलची धुवण. काही जंतूंनी जांभळा धरून ठेवला, काहींनी सोडून दिला. ग्रामला ही आपल्या पद्धतीची उणीव वाटली. रीत सदोष आहे हे ठाऊक असूनही इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून छापतो आहे, असं त्याने चक्क लिहून ठेवलं.

ती उणीवच पुढे कामाची ठरली. जांभळा धरणाऱ्यांची भिंत जाड असते. सोडणाऱ्यांची पातळ, पण तिच्यावर आणखी एक पडदा, जो कित्येक प्रतिजैविकांना आत येऊ देत नाही. त्यामुळे रिपोर्टवरचं 'ग्राम पॉझिटिव्ह' किंवा 'ग्राम निगेटिव्ह' वाचून डॉक्टर औषधाचा पहिला अंदाज बांधतात. रंग उडालेल्यांना गुलाबी करणारं सॅफ्रानिन नंतरच्यांनी जोडलं. विद्यार्थी मात्र अजूनही चुकतात ते अल्कोहोलपाशीच. चार-पाच सेकंद जास्त झाले की सगळंच गुलाबी, आणि बोटं जांभळी.

(दृश्य : पुन्हा थुंकी तपासणीची खोली.)

आता जनुकीय चाचण्या आल्या आहेत. गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट यंत्र तर न बघताच जंतू ओळखतं. पण अशा चाचणीला मेलेल्या जंतूचा डीएनएही सापडतो. औषधाचा गुण किती आला हे बघायला म्हणून अजूनही स्लाइड लागते.

लाल फुक्सिन ओतलं. खालून ज्योत. वाफ दिसली पाहिजे, उकळी फुटता कामा नये. पाच मिनिटं. पाणी. आम्ल. पाणी. मग निळा. तेलाचा थेंब.

लाल काडी दिसली नाही तर लगेच 'निगेटिव्ह' लिहायचं नसतं. निदान शंभर फील्ड, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारी वर्तुळं, बघायची असतात. हा रुग्ण दोन महिन्यांपूर्वी आला तेव्हा 'थ्री प्लस' होता, दर फील्डमध्ये दहाच्या वर काड्या. आज टेक्निशियन स्लाइड सरकवते आहे. चाळीस. साठ. नव्वद.

(दृश्य : मायक्रोस्कोपमधून. सगळं निळं.)