भुट्ट्याच्या ओळी समच का?

(इंदुरातल्या मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, दाराशी तुमच्या हातात मक्याचा एकेक भुट्टा ठेवला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, "कीस करायचाय का?" आपल्या सराफा बाजारात मिळणाऱ्या भुट्ट्याच्या किसाशी बरोबरी करायची माझी हिंमत नाही. फक्त ओळी मोजायच्या आहेत. एका ओळीवर नख रोवून ठेवा आणि गोल फिरून परत तिथे या. चौदा? सोळा? मागे बारासुद्धा आहेत. विषम कुणाला आल्या? त्या काकूंना पंधरा. असू द्या काकू, मी तुमच्याकडे परत येतो.

ओळी समच असतात त्याचं कारण कणीस बोटाच्या पेराएवढंही नसतं तेव्हाचं. त्याच्या वाढत्या टोकाभोवती बारीक उंचवटे उठतात आणि प्रत्येक उंचवटा दुभंगून दोन जुळ्या कणिशिका होतात. प्रत्येक कणिशिकेत फुलं दोन, पण खालचं मरतं, वरच्याचा दाणा होतो. म्हणजे एका उंचवट्याचे शेजारीशेजारी दोन दाणे, आणि त्यातून दोन ओळी. एकटी ओळ जन्मालाच येत नाही.

आता गंमत बघा. झाडाच्या शेंड्यावरचा तुरा आपण वेगळीच वस्तू समजतो, पण त्याचीही मांडणी हीच, कणिशिकांच्या जोड्यांची. इतकंच काय, सुरुवातीला दोन्हीकडची फुलं उभयलिंगी असतात. तुऱ्यात स्त्रीकेसर मरतो, कणसात पुंकेसर. तुऱ्यातल्या स्त्रीकेसराला मारणारं एक जनुक 1993 साली हाती लागलं. ते बिघडलं की तुऱ्यालाच दाणे धरतात.

पैदासकाराची, म्हणजे नवे वाण घडवणाऱ्याची, अडचण इथेच सुरू होते. त्याला कणीस भरदार हवं आणि तुरा आटोपशीर. एक तुरा लाखो परागकण उधळतो, कणसाला लागतात काही शे. शिवाय मोठा तुरा वरच्या पानांवर सावली धरतो. अमेरिकेतल्या संकरित वाणांचे तुरे विसाव्या शतकात पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेले, तेही बहुतेक उत्पन्नाच्या मागे लागता लागता, कुणी मुद्दाम न ठरवता. पण संकरित बियाण्याच्या शेतात पराग पुरवायला लावलेल्या नर झाडांच्या ओळींना पराग भरपूर हवा, तिथे किडकिडीत तुरा चालत नाही. आणि दोन्ही अवयव एकाच साच्यातले, तर एकाला चिमटा काढला की दुसरा ओरडणार नाही कशावरून?

म्हणून नकाशा, कुठल्या गुणाचं जनुक गुणसूत्रावर कुठे आहे त्याचा. बारा ओळींचा एक शुद्ध वाण आणि वीस ओळींचा दुसरा, यांचा संकर करायचा. पुढच्या पिढ्या स्वतःच्याच परागावर वाढवत न्यायच्या. प्रत्येक वंशात आईबापांच्या गुणसूत्रांचे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेनं येतात. मग ओळी मोजा, तुऱ्याच्या फांद्या मोजा आणि बघा, कुठला तुकडा आला की आकडा वाढतो. ती जागा म्हणजे क्यूटीएल. पण लक्षात घ्या, हा पत्ता "राजवाड्याजवळ" एवढाच असतो. राजवाड्याजवळ दुकानं किती! नेमकं दुकान गाठायला आणखी हजारो रोपं लागतात, नेमक्या त्या पट्ट्यात गुणसूत्र तुटलेली. यात बुद्धीपेक्षा चिकाटीच जास्त लागते, हे मी अनुभवानं सांगतो. कणसं मोजून मोजून स्वप्नातही ओळी दिसतात.

आपल्या इंदूरला 1924 साली आलेल्या अल्बर्ट हॉवर्डना जग कंपोस्टमुळे ओळखतं, पण त्याआधी बिहारातल्या पूसाला ते आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल गव्हाचे वाण निवडत होते, नुसत्या नजरेनं. ती नजर आजही लागतेच. नकाशा फक्त कुठे बघायचं ते सांगतो.

अशा नकाशाचं मोठं काम झालं ते असं: 'बी73' हा एक वाण 25 निरनिराळ्या वाणांशी जुळवून सुमारे 5000 वंश तयार केले. त्यावरून 2011 साली दिसलं की तुऱ्याच्या गुणांमागचे क्यूटीएल बारीक परिणामांचे, कणसाच्या गुणांमागचे त्या मानानं ठळक. मला यात आश्चर्य वाटत नाही. मका ज्यातून आला त्या मेक्सिकोतल्या मूळ रानगवताच्या कणसाला दोनच ओळी, दाणे मोजून पाच ते बारा. सुमारे नऊ हजार वर्षं माणसानं हात फिरवला तो कणसावर. तुऱ्याकडे कोण बघतंय!

एकच जनुक सांगतो, 'एफईए2'. ते वाढत्या टोकाला लगाम घालतं. पार बिघडलं तर कणीस पंज्यासारखं चपटं, निकामी. पण 2013 साली दिसलं की लगाम किंचित सैल करणारी रूपं असली, तर कणीस धड राहतं आणि ओळी वाढतात. पैदासकाराला हवी असते ती ही किंचितची जागा.

हं, काकू. तुम्ही टोकाकडून मोजलंत. तिथे केसांना पराग मिळाला नाही म्हणून दाणे भरले नाहीत. बुडाकडे सरका आणि पुन्हा मोजा. किती? सोळा ना!