इंग्रजी उतारा: वाचणं आणि कळणं

श्रोतेहो, नमस्कार. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळेतली मुलंही पहिलीपासून इंग्रजी शिकतात. तिसरी-चौथीतलं मूल धडा खडाखडा वाचतं, प्रश्नोत्तरं बिनचूक लिहितं. पण पुस्तक मिटून ‘गोष्टीत काय झालं?’ असं विचारलं, की गप्प.

असं का होतं? ‘द टिब गॉप्ड अ लम’ हे वाक्य घ्या. टिब, गॉप, लम हे बनवलेले शब्द, त्यांना अर्थच नाही. तरी ‘व्हॉट डिड द टिब गॉप?’ असं विचारलं, तर मूल ‘अ लम’ लिहून मोकळं होईल, आणि पूर्ण मार्क मिळवील. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधून ती ओळ उतरवणं, एवढंच त्याला जमलेलं असतं.

गॉफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 साली एक सूत्र मांडलं. वाचनाचं आकलन म्हणजे शब्द उलगडता येणं (अक्षरांवरून शब्द वाचता येणं) गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल, तर उत्तरही शून्यच. आपण सगळा जोर पहिल्या बाजूवर देतो.

आता एक छोटा उतारा घेऊ. ‘मीना अँड राजू वेंट टू रंकाळा. इट बिगॅन टू रेन. राजू हॅड नो अंब्रेला. मीना ओपन्ड हर अंब्रेला. दे वॉक्ड होम टुगेदर.’ पाच वाक्यं, 22 शब्द. सुरुवातीला एवढंच पुरे.

आधी चित्र दाखवा आणि मराठीतच गप्पा मारा. अडतील असे दोन-तीन शब्द अगोदरच सांगा. शंभर शब्दांत पाचापेक्षा जास्त अडत असतील, तर उताराच बदला. मग बाईंनी किंवा गुरुजींनी तो दोनदा वाचावा, मुलांनी बोट ठेवून ऐकावं. त्यानंतर मूल मनात वाचेल. मोठ्यानं वाचन सगळ्यात शेवटी, कारण मोठ्यानं वाचताना मुलाचं सगळं लक्ष उच्चारांवर असतं.

एकेक शब्द सुटा वाचला, की ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. म्हणून पेन्सिलीनं तुकडे पाडा: मीना अँड राजू, वेंट, टू रंकाळा. शब्दाखाली शब्द ठेवून मराठी करायला लावू नका. ‘गेले ला रंकाळा’ असलं काहीतरी तयार होतं. इंग्रजी ओळीवर देवनागरीत उच्चारही लिहू नका. मूल तेच वाचतं, इंग्रजी अक्षरांकडे बघतच नाही.

‘दे’ म्हणजे कोण, हे जरूर विचारा. मुलानं ‘दे’पासून मीना आणि राजूपर्यंत बाण काढावा. लहान मुलांचं आकलन बऱ्याचदा इथं अडतं. ‘इट बिगॅन’मधला ‘इट’ मात्र कुणाकडेच बोट दाखवत नाही, तो सोडून द्या.

प्रश्न दोन प्रकारचे हवेत. ‘छत्री कुणाकडे नव्हती?’ याचं उत्तर ओळीतच आहे. ‘मीनानं राजूला छत्रीत घेतलं का? कशावरून?’ याचं उत्तर कुठंच लिहिलेलं नाही. शेवटची दोन वाक्यं जोडावी लागतात. हे उत्तर मराठीत आलं, तरी ते बरोबरच धरा. आपण आकलन तपासतोय, इंग्रजी बोलणं नव्हे.

इंग्रजी न येणाऱ्या आईवडिलांनाही घरी हे करता येईल. पुस्तक मिटायला सांगा, गोष्ट मराठीत ऐका, आणि मध्ये दोनदा विचारा: ‘मग काय झालं?’ आणि ‘का बरं?’